डबा घेण्याआधी गव्हाण बघा

सोलापूरहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या वडिलांचा वरातीच्या घोडीचा धंदा आहे. घोडी सोळा वर्षांची. (तिचंही नाव छापत नाही, शहरात बऱ्याच जणांच्या ओळखीची असणार.) दोन सीझनपासून सकाळी दावणीवरून सोडली की पहिली काही पावलं ती आखडून टाकते, मग हळूहळू मोकळी होते. वडील म्हणतात, वय झालं, सांध्यातलं वंगण आटलं. खाद्याच्या दुकानदाराने सांध्यांसाठी परदेशी पावडर दाखवली आहे, खर्च महिन्याला साडेचार हजार. चुलते म्हणतात, ही सगळी थेरं आहेत. हरभरा-गूळ वाढवा, नाहीतर अकलूजच्या घोडेबाजारात देऊन टाका आणि तरणी घोडी आणा. सध्याचा खुराक असा: सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलो चंदी, त्यात भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा आणि गूळ, कारखाने चालू असताना उसाचे वाढे, एरवी कडबा. दुखणं वाढलं की चुलते माणसांच्या औषधाच्या दुकानातून इंजेक्शन आणून टोचतात. ताईंना नुकतीच नोकरी लागली आहे, पावडरचे पैसे त्या स्वतः भरायला तयार आहेत. त्या विचारतात, "वडील स्वतः गुडघ्यांसाठी असल्याच गोळ्या घेतात आणि त्यांना फरक पडतो. मग घोडीला कोणती पावडर सुरू करू?"

ताई, पावडरचं सांगतो, पण जरा पुढे. तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही घाईत उरकली आहे, घोडी काय खाते ती. मला तिच्या सांध्यांपेक्षा जास्त काळजी त्या ओळीची वाटते.

तिथे जाण्याआधी एक विचारतो. दुखणं सांध्यांचंच आहे, हे ठरवलं कोणी? वडिलांनी मानलं, दुकानदाराने मान डोलावली, चुलत्यांनीही तेच धरून घोडी विकायला काढली. पत्रात पशुवैद्याचा उल्लेख कुठेच नाही. सकाळी आखडणं आणि चालून मोकळं होणं हे झिजलेल्या सांध्यांना जुळतं, हे मान्य. सोळा वर्षांच्या आणि आयुष्यभर डांबरावर नाचलेल्या घोडीचे सांधे झिजले असतील तर नवल नाही. पण अशीच आखडलेली चाल खुराच्या आतल्या दाहानेही होते, त्याला लॅमिनायटिस म्हणतात. असा घोडा कडक जमिनीवर जपून पाय टाकतो, मऊ मातीवर बरा चालतो, उभा असताना वजन मागच्या पायांवर टाकतो. खूर हाताला गरम लागतो आणि खुराच्या वर, मागच्या बाजूला बोट ठेवलं तर नाडी ठणठण उडते. हरभरा-गुळावर पोसलेल्या, मानेच्या कडेला चरबी चढलेल्या घोडीत मी आधी हेच शोधेन. त्यावर सांध्यांची पावडर दिली तर तिचा काही उपयोग नाही, आणि दुखणं आत वाढत राहील.

एक काम तुम्ही या रविवारीच करू शकता. सपाट, कडक जागेवर घोडी दुडक्या चालीने चालवायला सांगा, दोर सैल ठेवून, म्हणजे तिची मान मोकळी राहील. मोबाइलवर समोरून, मागून आणि बाजूने व्हिडिओ घ्या. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना घोडी डोकं वर उचलते आणि चांगला पाय टेकताना खाली आणते. मागच्या पायांसाठी पुठ्ठ्याकडे, म्हणजे शेपटीच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांकडे बघा, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वर-खाली होतो. तारीख घालून व्हिडिओ जपून ठेवा, तो पुढे दोनदा कामाला येणार आहे.

खुरांचंही विचारून घ्या. आपल्याकडे नाल झिजेपर्यंत नालबंदाला बोलवायचं नाही असा हिशोब असतो. खूर मात्र नालेची वाट बघत नाही, तो महिन्याला पाऊण-एक सेंटिमीटर वाढतो. पुढून लांब झालेल्या खुराचा ताण प्रत्येक पावलाला वरच्या शिरांवर आणि सांध्यांवर येतो. दर सहा आठवड्यांनी, नाल शाबूत असली तरी काढून, खूर तासून पुन्हा बसवणं हा सांध्यांसाठीचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे. दुकानदार तो सांगणार नाही, त्याच्याकडे तो विकायला नाही.

आता गव्हाण.

घोडी रवंथ करत नाही. तिचं जठर अंगाच्या मानाने लहान असतं आणि वैरण पचवण्याचं खरं काम मागच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू करतात. म्हणून तिला थोडं थोडं, दिवसभर, चोथ्याचं खाणं लागतं. जठरात आम्ल मात्र सतत सुटत असतं. तास न् तास गव्हाण रिकामी राहिली की ते जठराला खातं. आणि एकदम भरपूर दाणा टाकला की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जातो, तिथे आंबतो, आणि त्यातून पोटशूळ किंवा वर सांगितलेला खुराचा दाह उद्भवू शकतो. सावध हिशोब असा धरतात, की एका वेळेच्या चंदीत घोडीच्या दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅमच्या वर स्टार्च नको. साडेतीनशे किलोच्या घोडीला म्हणजे साडेतीनशे ग्रॅम. तुमच्या दोन किलोंत निम्मा हरभरा आणि निम्मा कोंडा धरला तरी ही मर्यादा ओलांडली जाते, वर गूळ आहेच. चुलते तो आणखी वाढवा म्हणतात!

साडेतीनशे किलो मी अंदाजाने धरले. तुम्ही मोजा, वजनकाटा लागत नाही. शिवणकामाचा टेप घेऊन पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, ११,८८० ने भागा. घेर १७० आणि लांबी १४६ आली तर वजन ३५५ किलोच्या आसपास. मग बरगड्यांवरून तळवा फिरवा. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला सहज लागाव्यात. दाबूनही लागत नसतील तर घोडी जाड आहे, आणि तो प्रत्येक जादा किलो त्याच चार पायांवर आहे.

ताई, चंदीहूनही मला खटकलं ते कोंडा आणि वाढे यांचं एकत्र येणं. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो. घोडीच्या एकूण आहारात मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवं, दीड-दोन पट असलं तर उत्तम, निदान बरोबरीच्या खाली तर कधीच नको. त्यात उसाच्या वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हशीच्या पोटातले जिवाणू ते बरंचसं मोडून टाकतात, म्हणून गोठ्यात वाढे खपून जातात. घोडीत बांधलेलं कॅल्शियम तसंच लिदीतून बाहेर पडतं. हाच प्रश्न हत्ती गवताचा, म्हणजे नेपियरचा. शरीराला कॅल्शियम तर हवंच, मग ते हाडांतून काढून घेतं. हे फार पुढे गेलं की जबड्याची, नाकाच्या बाजूची हाडं फुगतात, पण त्याच्या कितीतरी आधी घोडी आखडून चालायला लागते, आज हा पाय तर उद्या तो. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हे दुखणं फार व्हायचं, कारण त्यांना कोंडा फुकटात मिळायचा. रक्तातलं कॅल्शियम तपासून निश्चिंत होऊ नका. हाडं पोखरून शरीर ती पातळी बरोबर राखतं. डॉक्टरांना आहाराचं पूर्ण वर्णन सांगा, वाढ्यांसकट.

तुमची घोडी वाढे खाते कारखान्यांच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर. तुळशीचं लग्न लागलं की वराती सुरू. काम वाढतं त्याच महिन्यांत कॅल्शियम कमी पडतं. हेच तिचं दुखणं आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण साडेचार हजारांचा डबा फोडण्याआधी ही शक्यता संपवायला हवी. त्याचा खर्चही उलटा आहे, कोंडा बंद करायचा आहे.

मग द्यायचं काय? सोलापूरकरांनी त्यासाठी लांब बघायला नको. वाळलेला, स्वच्छ ज्वारीचा कडबा आणि सुकं गवत हा पाया. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे दिवसाला सहा-सात किलो, चार वेळांत वाटून, सगळ्यात मोठा वाटा रात्री. काळी बुरशी आलेली पेंडी घोडीला नको, धुरळा असेल तर पाणी शिंपडून द्या. हिरवी, कोवळी ज्वारी आणि कापणीनंतरचे फुटवे मात्र लांब ठेवा. त्यातल्या विषारी घटकाने घोड्यांचं मूत्राशय आणि मागचे पाय निकामी होऊ शकतात. जोडीला लसूणघास, वाळलेला किलोभर किंवा हिरवा चार किलो. त्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि कोंड्याने बिघडवलेला हिशोब तो बराचसा सावरतो. काम नसलेल्या महिन्यांत चंदी किलोभर पुरे, तीही दोन-तीन वेळांत वाटून. गूळ औषध लपवण्यापुरता. हा बदल एका दिवसात करू नका, दहा-पंधरा दिवस घ्या, आतड्यातल्या जिवाणूंना तेवढा वेळ लागतो. रोज पंचवीस-तीस ग्रॅम साधं मीठ द्या, घाम गाळणाऱ्या घोडीला त्याहून जास्त. पाणी सतत समोर. आपल्या वैशाखात घोडी नेहमीच्या दुप्पट पाणी पिते, आणि वरातीत ते कोणाच्या ध्यानातही नसतं. वर्षातून एकदा दातही तपासून घ्या, दाढांना धारदार कडा आल्या की कडबा नीट चावला जात नाही.

एक सक्त ताकीद, तुमच्यासाठी आणि घोडा पाळणाऱ्या प्रत्येकासाठी. गाईम्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य घोड्याला कधीही घालू नका. त्यांतल्या काहींत मोनेन्सिनसारखी औषधं असतात. ती त्या जनावरांना चालतात, घोड्याचं हृदय बंद पाडतात. अगदी थोड्या मात्रेतही.

आता तुमची पावडर. या डब्यांत बहुधा ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन आणि एमएसएम असतं. वडिलांचं 'वंगण' ते हेच. तोंडातून गेलेलं ग्लुकोसामाइन सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. घोड्यात त्यातलं अगदी थोडके टक्केच रक्तात पोचतं. २००९ मध्ये घोड्यांवरच्या अशा अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा निष्कर्ष निघाला की पुराव्याचा दर्जाच कमी आहे. २००६ साली बाजारातल्या २३ उत्पादनांची तपासणी झाली होती, त्यांत लेबलवर लिहिलेल्या ग्लुकोसामाइनपैकी प्रत्यक्षात शून्यापासून ११५ टक्क्यांपर्यंत काहीही सापडलं. ही परदेशातली उत्पादनं होती, तेव्हा 'परदेशी' या शिक्क्यावर फार जाऊ नका. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ बद्दल थोडी बरी चिन्हं आहेत. जवसात दुसऱ्या प्रकारचं ओमेगा-३ असतं. शिजवलेल्या जवसाने कातडी चकाकते, सांध्यांचं मी खात्रीने सांगणार नाही.

वडिलांच्या गोळ्यांबद्दल त्यांना दुखवायचं नाही, पण माणसांच्या गुडघ्यांवरची मोठी अमेरिकन चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एकूण रुग्णांमध्ये ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन साध्या खोट्या गोळीहून सरस ठरलं नाही. आणि खोटी गोळी घेणाऱ्यांनाही बरं वाटलंच होतं! घोडीला डब्यावरचं चित्र कळत नाही, पण पैसे मोजलेल्या मालकाच्या नजरेला फरक दिसायला लागतो. म्हणून मघाचा व्हिडिओ जपायला सांगितला.

आपल्याकडे यात आणखी एक गोम आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, वराती थांबतात. ज्येष्ठाच्या शेवटी कोणी डबा सुरू केला की भाद्रपदापर्यंत घोडी सुधारलेली दिसणारच, कारण ती डांबरावर नाचतच नाही. श्रेय जातं पावडरला. पुढे मार्गशीर्षात पुन्हा लंगडली की दुकानदार मात्रा दुप्पट करायला सांगतो. म्हणून आधी आहार, खुरं आणि वजन मार्गी लावा. त्यानंतरही द्यायचीच असेल, तर काम सुरू असताना, दुसरं काहीही न बदलता, आठ आठवडे द्या. आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ अशा माणसाला दाखवा ज्याला पावडरचं माहीतच नाही. त्याला फरक ओळखता आला नाही तर बंद करा. एका रात्रीत घोडी पळायला लावणारं, लेबल नसलेलं चूर्ण कोणी दिलं तर ते उघडूही नका; इतक्या लवकर बहुधा वेदनाशामकच काम करतं.

चुलत्यांच्या इंजेक्शनबद्दल मात्र कडक बोलतो. ते डायक्लोफेनॅक असेल तर जनावरांत त्याच्या वापरावर २००६ पासून बंदी आहे, कारण असं जनावर मेल्यावर ते खाणारी गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवरही बंदी आली. आणि कोणतंही वेदनाशामक टोचून घोडी नाचायला उभी केली की दुखऱ्या पायाला जपायचं तिला कळत नाही. जास्त दिवस दिलं तर जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं खराब होतात. डॉक्टर मेलॉक्सिकॅम किंवा फिनाइलब्युटाझोन ठरावीक दिवस देतील ते वेगळं, ते त्यांच्या देखरेखीखाली. एक्स-रेत सांधाच झिजलेला निघाला, तर सांध्यात थेट द्यायची इंजेक्शनंही असतात. त्यांचा परिणाम कायमचा नसला तरी डब्यापेक्षा भरवशाचा असतो, आणि दोन महिन्यांच्या पावडरचे पैसे मी त्या तपासणीवर खुशाल घालवेन.

चातुर्मासात घोडी विश्रांती घेते, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. दावणीला चार महिने बांधून ठेवणं ही झिजलेल्या सांध्यांना शिक्षा आहे. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास मातीच्या रस्त्याने साध्या चालीने फिरवा. शक्य असेल तर दिवसा कुंपणातल्या मोकळ्या जागेत सोडा. आषाढात आपल्याच जिल्ह्यात खुडूसला, वाखरीला रिंगणात अश्व धावतात, ते मातीवर आणि थोडाच वेळ. सिमेंटच्या रस्त्यावर डीजेसमोर दोन-दोन तास पुढचे पाय उचलून नाचणं वेगळं, त्यात सगळा भार मागच्या पायांच्या सांध्यांवर येतो.

म्हणून वडिलांशी बोलायचं असेल तर पावडरवर नको, कामावर बोला. घोडीने नाच सोडून फक्त परण्या काढला तर? नवरदेवाला घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत सावकाश चालत जायचं आणि परत यायचं. त्यालाही मोजमाप आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोडीच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ठीक. २००८ च्या एका अभ्यासात पंचवीस टक्क्यांपासून पुढे घोड्यांचे स्नायू दुखायला लागलेले दिसले. ३५५ किलोच्या घोडीला वीस टक्के म्हणजे ७१ किलो. आपले नवरदेव, त्यांचा फेटा, भरजरी खोगीर आणि पुढे हौसेने बसवलेला भाचा हा हिशोब कुठल्या कुठे जातो. भाच्याला खाली उतरवायचं काम तुम्हीच करा, वडिलांना गिऱ्हाइकासमोर ते जमणार नाही. नाच नाही म्हटल्यावर सुपारी कमी मिळेल, हे खरं आहे आणि ते सोपं नाही. तुम्ही पावडरसाठी काढून ठेवलेले साडेचार हजार या खोटीत घातले तर ते घोडीच्याच पायांवर खर्च झाले.

चुलत्यांचा बाजाराचा सल्ला मी सरसकट धुडकावणार नाही. पोटासाठी केलेल्या धंद्यात तरणी घोडी आणणं हा गुन्हा नव्हे. पण सोळा वर्षांची आखडलेली घोडी बाजारात कोण घेणार, हेही चुलत्यांना विचारा. घेणारा तिला काम करायलाच घेईल, बहुधा इंजेक्शन टोचून. विकायचीच ठरली तर दुखणं सांगून विका, आणि हा निर्णय तपासणीनंतर घ्या. दुखणं आहारातलं निघालं तर तुम्ही बरी होणारी घोडी मातीमोल भावात विकून बसाल.

जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात तिला दाखवा. घोडी गाडीत चढवण्यासारखी नसेल तर १९६२ वर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा. जाताना व्हिडिओ, टेपने काढलेलं वजन, खुराकाची यादी आणि चुलत्यांनी टोचलेल्या इंजेक्शनची रिकामी बाटली बरोबर न्या. बाटली ते देणार नाहीत, गोठ्याच्या वळचणीला शोधा.